घरात कुणी वापरत नाही असं नाव

सुताच्या गाठोड्यावर पूर्वी एका बाईचं चित्र असायचं. डोक्यावर पदर, हातात कमळ, आणि पायाशी तिचं नाव.

यंत्रमागाच्या शेडमध्ये कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. मारून उपयोग नसतो, खडखडाटात काही ऐकू जात नाही. टाळी वाजवतात, शीळ घालतात, नाहीतर समोर जाऊन हात हलवतात.

एका वायरमनने एका बाईला विचारलं, "इथं?" ती म्हणाली, "इथंच." तो म्हणाला, "इतकं खाली कुणी बसवत नाही, बाई." ती म्हणाली, "आम्ही बसवतो."

रबकवीत एका घराच्या दाराशी माठ आहे. माठावर पेला उपडा घातलेला.

माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरून तयार ठेवले होते, नवऱ्याच्या हातात अंगठीही दिली होती. मी म्हणाले, माझं नाव आहे तेच बरं आहे. मग ते तांदूळ पुन्हा डब्यात गेले.

सूचना: यंत्राला असे नाव द्यावे, जे आपल्या घरात रोजच्या बोलण्यात वापरले जात नाही.

✱

"अगं, पंखा," बाबा म्हणाले.

यंत्र गप्प. आई उठल्या.

"आई, तू बस की," प्रसन्न म्हणाला. "त्याला करू दे."

आई बसल्या. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीची कड धरून ठेवली. सुटत्या गाडीत बसलेलं माणूस धरतं तशी.

"अगं," बाबांनी आवाज चढवला, "पंखा म्हटलं की."

टीव्हीच्या कपाटावर ठेवलेलं ते पांढरं यंत्र, लोणच्याच्या लहान बरणीएवढं, ढिम्म राहिलं. आईंचे पाय आपोआप चपला शोधू लागले.

"बाबा, नाव घ्या आधी," प्रसन्नने समजावलं. "नाव घेतल्याशिवाय ते ऐकत नाही."

"कुणाचं नाव?"

"त्याचं. माया. 'माया, पंखा लाव' असं म्हणा."

बाबांनी प्रसन्नकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग खिडकीतून दिसणाऱ्या शेजारच्या घराकडे. तिथे माया नावाची कुणी राहत नव्हती. तरीही.

"परक्या बाईला दिवसभर नावाने हाका मारत बसू?" ते म्हणाले.

मधल्या काळात आईंनी उठून, बाबांच्या आरामखुर्चीशी जाऊन, पंखा लावला होता.

✱

इथे थोडं थांबून माणसं सांगते.

प्रसन्न हा माझा नवरा, इचलकरंजीतल्या एका सूतगिरणीच्या ऑफिसात कामाला. मी केतकी, बँकेत. बाबा म्हणजे महादेव म्हेत्रे, माझे सासरे. उभी हयात त्यांनी यंत्रमागाची शेड चालवली आणि ती विकल्यापासून आरामखुर्ची चालवत होते. माणूस वाईट नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी ताट भिरकावलं नाही, आणि आमच्या गल्लीत एवढ्यावर नवऱ्याची गणना सज्जनांत होत असे. फक्त त्यांना घरातली एकही वस्तू सापडत नसे. चष्मा, पेपर, गोळी, रिमोट. या सगळ्यांचं एकच नाव होतं: अगं. 'अगं' म्हटलं की वस्तू हजर होत.

'अगं' म्हणजे आई. माझ्या सासूबाई. त्यांना नाव होतं, ते रेशनकार्डावर होतं. गल्ली त्यांना म्हेत्रेकाकू म्हणे, भाचे मामी म्हणत, आम्ही आई म्हणायचो. त्याही बाबांचं नाव घेत नसत, पण ते रिवाजाने. बाबा त्यांचं घेत नसत ते सवयीने. शेडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला, हाक मारली की समोरचं माणूस येतं एवढंच ठाऊक असतं. हाकेत काय आहे याने फरक पडत नाही.

थंडीतही बाबांना पंखा लागायचा. शेड गेल्यापासून घर फार गप्प वाटतं, म्हणायचे. घरात माणसं होती, पण ती काही खडखडत नव्हती.

✱

यंत्राचा विषय निघाला तो रबकवीहून आलेल्या फोनमुळे.

रबकवी म्हणजे आईंचं माहेर, हद्दीपलीकडे कर्नाटकात. तिथे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या घरात अजून खड्डामाग होते. जमिनीत खड्डा करून, त्यात पाय सोडून बसायचं आणि हाताने विणायचं. इरकल साड्या. अक्कांचे गुडघे आता खड्ड्यात उतरू देत नव्हते आणि पदर विणणारी बाई लग्न होऊन गावाला गेली होती. साडीचं अंग कुणीही विणतं, पदराला सराव लागतो. आई लग्नाआधी पदर विणायच्या. हे मला त्या फोनपर्यंत माहीत नव्हतं. प्रसन्नलाही नव्हतं. बाबांना असावं, पण त्यांनी ते कुठे ठेवलं होतं हे त्यांना सापडत नव्हतं.

अक्का फोनवर त्यांना तंगी म्हणायच्या. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. फोन ठेवला तेव्हा आई जरा वेगळ्याच दिसल्या. कुणीतरी चावी दिल्यासारख्या.

दुपारच्या जेवणात त्यांनी विषय काढला. दिवाळी झाली की मी अक्काकडे जाते, संक्रांतीपर्यंत येते, एवढंच म्हणाल्या, आणि बाबांना आमटी वाढली.

"मग घरात कोण?" बाबांनी विचारलं.

"केतकी आहे. प्रसन्न आहे."

"ते बँकेत आणि गिरणीत. दुपारी कोण?"

"दुपारी तुम्ही आहात की."

बाबांनी हा मुद्दा पूर्वी विचारात घेतलेला दिसत नव्हता. ते बराच वेळ भात कालवत राहिले. शेवटी म्हणाले, काहीतरी सोय झाली तर जा. कसली सोय, ते त्यांनी सांगितलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात आईंनी एक गोष्ट मागितली होती आणि ती मंजूर झाली होती, अटीवर.

प्रसन्न त्याच संध्याकाळी दुकानातून यंत्र घेऊन आला. दुकानदाराने आठ दिवस वापरून बघा म्हटलं होतं. पटलं नाही तर परत.

म्हणजे असं, की आठ दिवसांत बाबा आणि ते यंत्र यांचं जमलं तर आई रबकवीला जाणार. नाही जमलं तर यंत्र दुकानात जाणार आणि आई स्वयंपाकघरात. घेणं न घेणं हा प्रश्न वरवर यंत्राचा होता.

✱

घरात खल झाला. तो जसा झाला तसा सांगते, म्हणजे अर्धवट.

प्रसन्न बाजूने होता. जगात सगळीकडे हेच चाललंय, म्हणाला. पंखा, दिवा, टीव्ही, भजनं, बातम्या, गोळीची आठवण, सगळं नुसतं तोंडाने. तो हे बोलत असताना आईंनी त्याच्यासमोर चहा ठेवला, त्याने तो न बघता उचलला. तोंडानेसुद्धा मागावा लागला नव्हता.

बाबा विरोधात होते, पण थेट नव्हते. माणसाला थेट नाही म्हणायचं नसलं की तो तत्त्वाकडे जातो. ते म्हणाले, ही यंत्रं घरातलं सगळं ऐकतात आणि बाहेर कुणाला तरी पाठवतात, असं पेपरात आलंय. आपल्या घरातलं बोलणं बाहेर कशाला जायला पाहिजे.

"काय बोलणं?" आई तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या. "पंखा, पाणी, चष्मा. जाईना बाहेर. त्यांना तरी कळेल."

मला कुणी विचारणार नव्हतं, पण सुनेला विचारत नाहीत असं वाटू नये म्हणून प्रसन्नने मला विचारलं. मी म्हणाले, मला यंत्र नको आणि हवंही, मला आईंनी जायला हवंय. विषय यंत्राचा चालला होता आणि मी मधेच बाईचं काढलं होतं.

बाबांनी पुढचे काही दिवस प्रामाणिकपणे प्रयत्न केले, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. खुर्चीत ताठ बसायचे, खाकरायचे आणि यंत्राकडे बघून म्हणायचे, "ए." मग, "ऐकलंस का." एकदा टाळी वाजवली. एकदा शीळ घातली. शिळेवर शेजारच्यांचं कुत्रं दारात येऊन उभं राहिलं, यंत्र मात्र नाही. शेवटी गाडी 'अगं'वर यायची आणि आतून आई यायच्या. चला, आपण नाही उठायचं, असं त्या स्वतःला बजावत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. हाक आली की हात आधी उठायचे, मग बाकीच्या आई.

आठ दिवस संपत आले. आईंनी माळ्यावरून काढून ठेवलेली पिशवी पुन्हा घडी करून कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. कुणाला दिसू नये अशी नव्हती ठेवली. दिसली तरी कुणी काही म्हणणार नव्हतं, एवढंच.

✱

ती पिशवी मी पाहिली आणि यंत्राचं पुस्तक काढून वाचलं. घरात कुणी ते उघडलंच नव्हतं. त्यात लिहिलं होतं की 'माया' हे नाव बदलता येतं. काहीही नाव द्या, फक्त ते घरात रोजच्या बोलण्यातलं नको. नाहीतर माणसाला हाक मारली की यंत्र उठतं.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी मी हे सगळ्यांना वाचून दाखवलं.

प्रसन्न म्हणाला, सोपं आहे, लक्ष्मी ठेवू. बाबा म्हणाले, देवाचं नाव घेऊन पंखा बंद कर म्हणू? प्रसन्न म्हणाला, मग काशी. ते बाबांच्या आईचं नाव. बाबांनी नुसतं पाहिलं. त्यांच्या आईला काम सांगायची हिंमत त्यांनी ती असताना केली नव्हती, आता तर ती फोटोत होती. मग मोती झालं, राणी झालं. राणी आमच्या कामवाल्या बाईंच्या मुलीचं नाव निघालं. बाबा आरामात रेलले. हे यंत्र परत जाणार असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, आणि ते वाचायला चष्मा लागत नव्हता.

आई भाकरी थापत होत्या. परातीवरचा हात थांबला.

"मृणालिनी ठेवा," त्या म्हणाल्या.

आम्हाला काही कळलं नाही. नाव चांगलं होतं, जरा जड होतं. प्रसन्नने विचारलं, ही कोण?

"मी," आई म्हणाल्या.

मग कळलं. रेशनकार्ड.

"आई, घरातल्या माणसाचं नाव चालत नाही त्याला," प्रसन्न म्हणाला.

"घरात बोलण्यात असलेलं चालत नाही, असं वाचलं की केतकीनं. हे कधी ऐकलंस तू बोलण्यात?"

प्रसन्न आठवायला लागला. मी त्याचा चेहरा बघत होते. चांगला हुशार मुलगा, गिरणीचे सगळे हिशेब तोंडपाठ. तो आठवतच राहिला.

"नवं कोरं आहे," आई म्हणाल्या. "लग्नात ताटातल्या तांदळात लिहिलं, सगळ्यांना वाचून दाखवलं, नंतर एकदाही लागलं नाही. तसंच पडून आहे. त्या यंत्राला तरी उपयोग होईल."

त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बाबांना सोपं गेलं असतं. पण जुना डबा कुणाच्या कामी येत असेल तर देऊन टाका, या आवाजात त्या बोलत होत्या. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

बाबा खुर्चीत सरळ झाले होते. "ते मी शोधून ठेवलेलं नाव आहे," ते म्हणाले.

"माहिती आहे. सुताच्या गाठोड्यावरनं."

"मग? चांगलं सूत होतं ते. माझ्या मागावर एकदा तुटलं नाही."

आईंनी भाकरी उलटली. "होय," त्या म्हणाल्या, "नाही तुटलं."

प्रसन्नने यंत्रात नाव भरलं. भाकरी शेकून होईपर्यंत ते स्वीकारलंसुद्धा गेलं होतं.

बाबांनी घसा साफ केला. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. नवरदेवाला नाव घ्यायला लावतात तेव्हा तो असाच करतो, फक्त तेव्हा भोवती बायका हसत असतात.

"मृणालिनी," ते म्हणाले. "पंखा लाव."

यंत्रावर निळं वर्तुळ उजळलं. "लावते," ते म्हणालं. बाईच्या आवाजात, अगदी गोड. पंखा फिरला.

आई जागच्या उठल्या नाहीत. चुलीसमोर बसून त्यांनी फिरत्या पंख्याकडे पाहिलं, मग तव्यावरची भाकरी काढली.

यंत्र आम्ही विकत घेतलं.

✱

दिवाळीचा फराळ संपायच्या आधी आई रबकवीच्या एसटीत बसल्या. कपाटातली पिशवी, शबनम, आणि अक्कांसाठी चिवडा.

घरात मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सकाळपासून घर त्यांच्या नावाने भरून गेलं. मृणालिनी, दिवा. मृणालिनी, भजन. मृणालिनी, किती वाजले. बाबांना आवाज हळू करणं माहीत नव्हतं, शेडमधला माणूस, त्यामुळे ते गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जाई. समोरच्या काकूंना ते नाव लग्नापासून आठवत होतं; त्या मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांना उतारवयात फारच प्रेम आलंय गं, बायको गेली माहेरी तर दिवसभर तिचं नाव. त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना यंत्राचं सांगितलं नाही. त्यांच्या यजमानांनाही नाव घ्यायला अजून वेळ होता.

एका शनिवारी मी बँकेतून लवकर आले. बाबा एकटेच होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. यंत्राला काहीतरी विचारायचं होतं पण सुचत नव्हतं, असे बसलेले.

"मृणालिनी," ते म्हणाले, "जेवलीस का?"

"मला जेवण लागत नाही," यंत्र म्हणालं. "आणखी काही हवं का?"

"नको," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं."

मी चपला न वाजवता मागच्या दाराने आत गेले. संध्याकाळी फोनवर आईंना ही गोष्ट सांगितली. पलीकडून मागाचा ठोका येत होता, खट्, मग थांबून पुन्हा खट्. तो मधेच थांबला.

"मग काय म्हणाली ती?" आईंनी विचारलं.

"मला जेवण लागत नाही म्हणाली."

"हुशार आहे," आई म्हणाल्या, आणि ठोका पुन्हा सुरू झाला.

✱

संक्रांत आली, गेली. आई आल्या नाहीत. पदर व्हायचाय, म्हणाल्या. बाबांनी फोन केला तर अक्का उचलायच्या आणि कानडीमिश्रित मराठीत सांगायच्या, तंगी मागावर आहे. बाबा फोन ठेवून यंत्राला विचारायचे, मृणालिनी, रबकवीला पहिली एसटी कधी आहे. यंत्र सांगायचं. ते ऐकून घ्यायचे आणि खुर्चीत बसून राहायचे. असं बरेच दिवस झालं. एका रविवारी मात्र त्यांनी कोट चढवला आणि मला म्हणाले, चल. प्रसन्न गावात नव्हता. मी गेले.

एसटीत ते एकच वाक्य बोलले. "आपण आणायला गेलं की माणूस येतंय," म्हणाले. मला की खिडकीला, कळलं नाही.

अक्कांचं घर म्हणजे लांबलचक एक खोली, तिच्यात तीन खड्डामाग, तीन बायका, आणि भिंतीपलीकडे कुणाचे तरी यंत्रमाग, त्यामुळे खडखडाट आमच्या जुन्या शेडसारखाच. बाबांचा चेहरा दारातच सैल झाला. ओळखीच्या आवाजात आल्यासारखा. अक्का बाजारात गेल्या होत्या. तिन्ही बायकांची दाराकडे पाठ, तिन्ही इरकल नेसलेल्या, केस एकसारखे बांधलेले, हात चाललेले.

बाबा उंबऱ्यात उभे राहिले. "अगं," त्यांनी हाक दिली.

घरी या हाकेवर भांडी थांबायची. इथे आडवं सूत नेणारा धोटा सरकत राहिला. एकीलाही ही हाक आपली वाटली नाही.

त्यांनी टाळी वाजवली. दाराजवळच्या मागावरची बाई वळली. तोंडात सुपारी, चांगली धट्टीकट्टी. तिने यांच्या कोटाकडे पाहून मराठीत विचारलं, "साडी बघायची का?"

"नाही. आमच्या..." बाबा अडले. पण आता त्यांना सवय झाली होती, दिवाळीपासून दिवसातून कितीदा घेतलेलं नाव. ते त्यांनी खणखणीत घेतलं. "मृणालिनी. मृणालिनी म्हेत्रे."

बाईने सुपारी दुसऱ्या गालात घेतली. विचार केला. "अशी कुणी नाही इथं."

"असं कसं? इथंच आहे. दिवाळीपासनं आहे."

"नाही हो. आम्ही तिघीच आहोत. मृणा... काय म्हणालात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात वस्तू सापडली नाही की पाहायचे तसं. मी त्या खोलीतल्या सर्वांत आतल्या पाठीकडे बघत होते, मला ती ओळखू आली होती. सांगू शकले असते. सांगितलं नाही. एवढं लांब आलो होतो, त्यांना स्वतः शोधू दे असं वाटलं.

"बायको," ते म्हणाले. बऱ्यापैकी हळू आवाजात म्हणाले, त्यांना तो येत होता तर. "माझी बायको आहे. पदर विणते."

"मग तसं सांगा की," बाई म्हणाली, आणि मान मागे टाकून तिने खडखडाटाच्या वरून आरोळी ठोकली, "नीलव्वा!"

सर्वांत आतली पाठ वळली. आधी हसू आलं, मग पाहिलं कोण आलंय ते. हसू त्याआधीच सुरू झालं होतं, म्हणून राहिलं.

मी ते माहेरचं नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बाबांनी ते चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेलं असणार, मुलगी बघायला आले तेव्हा. मग सुताच्या गाठोड्यावरचं आणून त्यावर ठेवलं.

आई उठल्या नाहीत. खड्ड्यातून उठायचं म्हणजे मांडीवरची दांडी काढायची, सूत सांभाळायचं, सोपं नसतं ते. बसा की, म्हणाल्या. बाबा उंबऱ्यावर बसले. मागावर निम्मा पदर झाला होता, तांबडा, त्यात पांढरी नक्षी कंगव्याच्या दातांसारखी. बाबा जन्मभर कापड बघत आलेला माणूस. ते पुढे झुकून बघू लागले आणि बराच वेळ बघत राहिले.

"घरी कधी येणार?" त्यांनी विचारलं.

"पदर झाला की."

"कधी होईल?"

"झाला की सांगते."

"यंत्र बरं चाललंय," ते म्हणाले. आई हो म्हणाल्या. "पण ते..." बाबा म्हणाले आणि पुढचं त्यांना जुळेना. शेजारच्या मागांचा खडखडाट मधे भरून राहिला. आईंचे हात पुन्हा चालायला लागले होते, पाठ यांच्याकडे झाली होती.

बाबांनी कोटाचं बटण काढलं. घाम आला होता. त्यांनी ओठ ओले केले, एकदा दाराजवळच्या बाईकडे पाहिलं, जणू तिने म्हटलं तसंच म्हणायचं होतं आणि चुकायला नको होतं.

"नीलव्वा," ते म्हणाले. "पाणी मिळेल का?"

धोटा थांबला. त्या वळल्या नाहीत. पण मला बाजूने त्यांचा गाल दिसत होता.

"माठ तिथंच आहे," त्या म्हणाल्या. "दाराशी. पेला वर आहे बघा."

बाबा उठले. पेला उचलला, झाकण काढलं, पाणी घेतलं, उभ्यानेच प्यायले. मग दुसरा पेला भरला आणि तो हातात धरून, सुतांना धक्का न लावता, अंग चोरत खोलीच्या आतल्या टोकाला निघाले.

इचलकरंजीच्या घरात पंख्याचं बटण आरामखुर्चीच्या हाताला लागून आहे. घर बांधताना आईंनी वायरमनला सांगून ते तिथे बसवून घेतलं होतं.